पडद्यापलीकडची शिफारस

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
चिटगुप्पा

सकाळी चहाच्या आधीच धक्का बसला. कोर्टात तेहतीस वर्षं नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, खुनाच्या खटल्यांचे कागद हाताळले, पण इतका अस्वस्थ कधी झालो नव्हतो. म्हणून ही वही काढली. डॉक्टर म्हणतात, मनातलं लिहून काढा, रक्तदाब उतरतो. उतरेल असं वाटत नाही.

विषय असा. 'सीमाभाग रसिक मंडळ' हा आमचा फोनवरचा गट. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, कलबुर्गी इथली चारशे बारा मराठी माणसं त्यात आहेत. कुठल्या जुन्या गायकाच्या आठवणींचा कार्यक्रम कुठं लागलाय, कोणता विसरलेला जुना चित्रपट शोधून पाहण्यासारखा आहे, याची शिफारस दर सोमवारी मी लिहितो. चार वर्षं लिहितोय. मी जा म्हटलं की लोक जातात, नको म्हटलं की जात नाहीत. या वयात माणसाजवळ दुसरं काय असतं? आमची मुलगी हर्षिता कलबुर्गीला असते, तीही म्हणते, अप्पा, तुमच्या शब्दाला वजन आहे.

काल हुमनाबादच्या एका कल्याणमंडपात कुमार दिगंबर यांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. कुमार दिगंबरांना जाऊन वीस वर्षं झाली, पण काल गाणारा माणूस हुबेहूब त्यांच्यासारखा गातो. मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत होतो. नंतर कलाकारांबरोबर फोटो झाले, चहा झाला. आज सकाळी शिफारस लिहिली: 'अवश्य जावे. स्वर थेट काळजाला भिडतो.'

अर्ध्या तासात तिच्याखाली एक मजकूर आला. लिहिणाऱ्याचं नाव 'शेवटची रांग'. फोटोच्या जागी काहीच नाही.

'स्वर पहिल्या रांगेत भिडला असेल. आमच्याकडे फक्त ढोलकी पोचली. गायक चांगला आहे, पण अंतऱ्याला डोळे मिटतो आणि माइक तोंडापासून लांब नेतो. तेव्हा मागच्या बायका एकमेकींना विचारतात, काय म्हणाला? पुढचा कार्यक्रम बसवकल्याणला आहे. जरूर जा, पण मधल्या रांगेच्या मागं बसू नका. आणि चौथ्या गाण्याआधी उठू नका. चौथं तो फार जीव लावून म्हणतो.'

चारशे बारा माणसांसमोर हे. त्याला सत्तर अंगठे मिळाले. माझ्या शिफारशीला एकोणीस.

सुशीलाला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"खरं असंल तर असू द्या की," ती म्हणाली.

"खरं असंल तर म्हंजे? मी काय बहिरा हाव?"

"बहिरे कामून असताव? तुम्ही पुढं बसलताव."

तिला यातलं काही कळत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं सिनेमाबद्दल चार वाक्यं बोललेली मला आठवत नाहीत. रविवारी ती शेजारच्या रेणुकाबरोबर भजनाला जाते. कालही गेली होती. 

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

संशयित सापडला असं वाटलं होतं. कलबुर्गीचे निवृत्त प्राध्यापक सिद्धलिंगप्पा. तीन भाषा येतात, मराठी व्याकरणशुद्ध लिहितात आणि माझ्या सोमवारच्या जागेवर त्यांचा डोळा आहे. 'शेवटची रांग'चं लिहिणं शिकल्यासवरल्या माणसाचं आहे, त्यामुळे फोन करून सरळच विचारलं.

"बिड्री, सोडा हो, शिरस्तेदारसाब," ते हसले. "मी कधी शेवटच्या रांगेत बसलोय का?"

हे मात्र खरं आहे. त्यांना पहिल्या रांगेतली मधली खुर्ची लागते.

मग गट चालवणाऱ्या श्रीहरीला फोन केला. तो भालकीला शिक्षक आहे. म्हणाला, "कुणाच्या तरी ओळखीनं घेतलाव, अण्णा. लिवतंय चांगलं, राहू द्या."

राहू द्या. आज एक कागद कापायला गेलो तर घरातली नवी कात्रीही माझ्या हातात चालेना. नुसती कागद चावते. सुशीला म्हणते, तिला बरी पडते. सगळ्याच गोष्टी सध्या माझ्या विरोधात आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

चांगली बातमी. चौदा डिसेंबरला बीदरला मोठा कार्यक्रम ठरला: 'आठवण इंदुप्रभाची'. इंदुप्रभा म्हणजे आमच्या तरुणपणीची सर्वांत देखणी नटी. उदगीरचा एक संच तिची गाणी आणि गाजलेले प्रसंग रंगमंचावर करून दाखवणार आहे. निवेदन मी करायचं, असं श्रीहरीनं सांगितलं. त्याशिवाय एक प्रसंग गटातल्या लोकांच्या शिफारशीनं निवडायचा आहे.

मी तिच्या प्रसिद्ध नाचाची शिफारस केली. त्यावर वाद होण्याचं कारण नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

वाद झाला. 'शेवटची रांग'नं जे लिहिलं ते इथं उतरवून ठेवतो, पुढं पुरावा म्हणून लागेल.

'"दारची तगर" कुणाला आठवतो का? इंदुप्रभाचा तो दुसराच चित्रपट. त्यात ती नायिका नाही, नायिकेची जाऊ आहे. मी तो हुलसूरच्या जत्रेत तंबूत पाहिला, सात दिवसांत पाच वेळा. त्यात ती तिन्हीसांजेला दिवा लावते. सासू समोर बसलेली असते. इंदुप्रभा डावरी होती. ती काडी डाव्या हातानं ओढते, डाव्याच हातानं वातीला लावते आणि सासूकडं बघतसुद्धा नाही. दिवा लागतो. सासू काही बोलत नाही. आमच्याकडे डाव्या हातानं दिवा लावला तर काय होतं, ते डावऱ्या मुलींना विचारा. एवढं धाडसाचं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. नाच कुणीही बसवील. हे बसवा.'

दीडशेच्या वर अंगठे. औरादच्या पार्वतम्मांनी लिहिलं की लहानपणी त्यांचा डावा हात जेवताना पाठीमागं बांधून ठेवत. आणखी चारपाच बायकांनी तसंच काही काही लिहिलं. या बायका गटात आहेत हेच मला माहीत नव्हतं. संध्याकाळी श्रीहरीचा निरोप आला: नाच रद्द, दिव्याचा प्रसंग पक्का.

मी हादरलो. इंदुप्रभा डावखुरी? तिच्यावर छापून आलेला शब्द न शब्द मी वाचलाय, हे कुठंच नाही. 'दारची तगर' मीही तरुणपणी उदगीरला पाहिला असावा, पण काही आठवत नाही.

"तुमच्या हुलसूरचं माणूस दिसायलंय," मी सुशीलाला म्हणालो. तिचं माहेर तिथलं.

"हुलसुरात लई माणसं हायत," ती म्हणाली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सापडला. लातूरच्या एका संग्राहकाकडून हर्षितानं 'दारची तगर' मिळवून पाठवला. दुपारी जेवणानंतर तिच्या जुन्या लॅपटॉपवर लावला. दिव्याचा प्रसंग एक तास सात मिनिटांनी येतो. इंदुप्रभा काडी ओढते. उजव्या हातानं. स्वच्छ, ठसठशीत उजव्या हातानं.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. मागं वळून पाहतो तर सुशीला दारात उभी.

"कोणचा हात हाय?" तिनं विचारलं.

"उजवा. ये, बघ."

ती जवळ आली. "पुन्यांदा लावा," म्हणाली. मी लावला. मग परत एकदा लावायला लावला. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःचा हात वर केला, पडद्यावरच्या हाताशी ताडून पाहिला आणि खाली घेतला.

"असं हाय व्हय," म्हणाली आणि आत गेली.

मी लगेच गटावर लिहायला बसलो. मथळा दिला 'उलटतपासणी'. चित्रपटातलं चित्र जोडलं, हाताभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं: 'सदर साक्षीदार घटनास्थळी हजर नव्हता. ज्यांनी चित्रपट पाहिलाच नाही, बहुधा तंबूबाहेर शेंगा खात बसले असावेत, त्यांनी शिफारशी करू नयेत.' शेंगांचं वाक्य विशेष जमलं असं माझं मत आहे.

रात्रीच्या भाकरी करपल्या होत्या. हे या घरात प्रथमच घडलं. मी खुशीत होतो, तशाच खाल्ल्या.

रविवार, १६ नोव्हेंबर

दोनशे तीन अंगठे. हसऱ्या तोंडांचा पाऊस. श्रीहरीनं कळवलं की दिव्याचा प्रसंग काढून नाच परत घेतलाय. सिद्धलिंगप्पांनीसुद्धा 'शाब्बास' लिहिलं.

'शेवटची रांग'चं एकच वाक्य आलं: 'मी पडद्याच्या पलीकडून पाहिला होता.'

मी उत्तर दिलं: 'पलीकडे तर भिंत असते.' त्यावर पुन्हा हशा.

आज रविवार असून सुशीला भजनाला गेली नाही. अंग जड झालंय म्हणाली. ताप पाहिला, नव्हता.

शनिवार, २२ नोव्हेंबर



बाजारात पिराजी भेटला. त्याचं वय ऐंशीच्या घरात, आता नातवाच्या भांड्यांच्या दुकानात बसतो. तरुणपणी तो फिरत्या सिनेमाच्या तंबूवर कामाला होता. मी त्याला मजेनं ती 'पडद्यापलीकडची' गोष्ट सांगितली. तो हसला नाही.

"बाया पलीकडंच बसायच्या की, शिरस्तेदारसाब," तो म्हणाला. "मधी कापड. अलीकडं गडी, पलीकडं बाया. मी खेळाच्या आधी कापडावर पाणी मारायचो. वल्लं झालं की पलीकडून बी लख्ख दिसायचं."

"मग त्यांना सगळं उलटं दिसत असंल."

"दिसायचंच. पर अलीकडून कसं दिसतंय हे त्यांला काय माहीत? त्या कवा इकडं आल्याच न्हाईत."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. पिराजीनं पाणी दिलं.

म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. तिनं चित्रपट पाहिला होता, पाच वेळा पाहिला होता, आणि पाचही वेळा इंदुप्रभानं तिच्यासमोर डाव्या हातानं दिवा लावला होता. आणि ती बाई आहे. एका बाईला मी चारशे बारा माणसांत शेंगा खाणारी म्हणालो. मी लिहिलेला शब्द न शब्द खरा होता, तरी मला माझी लाज वाटली. कोर्टात असं कधी झालं नव्हतं.

घरी आल्या आल्या सुशीलाला विचारलं, "तुमच्याकडं बाया कापडाच्या पलीकडं बसायच्या?"

"व्हय."

"मग मला सांगितली कामून न्हाईस?"

"तुम्ही इचारलाव कुठं?"

"ही बाई हुलसूरचीच. तुझ्याच वयाची असंल. कोण असंल, काही अंदाज?"

तिनं ताट मांडलं. "असंल कुणीतरी. जेवून घ्या."

उद्यापासून गटातल्या हुलसूरच्या माणसांची यादी करतो. शोधून काढून माफी मागितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

हुलसूरची अकरा माणसं निघाली. सगळी पुरुष. यादी हातात घेऊन संध्याकाळी नेहमीसारखा फिरायला निघालो. बसस्टँडपर्यंत गेलो तेव्हा लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. परत आलो. या वेळी मी कधी घरात नसतो.

दार नुसतं लोटलेलं होतं. सुशीला देवासमोर बसली होती, माझ्याकडं पाठ करून. तिनं काडेपेटी उजव्या हातात धरली. काडी डाव्या हातानं ओढली. डाव्याच हातानं वातीला लावली.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. 

"चष्मा कट्ट्यावर हाय," ती मागं न वळता म्हणाली. माझी चप्पल तिला ओळखू येते.

"तूच का?" मी विचारलं.

"व्हय."

यानंतर जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहितो. मी खाली फरशीवर बसलो होतो. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो, हे आमच्या घरात उलटंच झालं.

ती जन्मापासून डावरी. लहानपणी आई पोळपाटावर हात ठेवायला लावायची आणि लाटण्यानं मारायची. इथं आल्यावर माझ्या आईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं: दिवा, वाढणं आणि हळदीकुंकू, या तिन्हीला डावा हात चालणार नाही. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी फिरायला गेलो की सुशीला डाव्या हातानं दिवा लावते. मला यातलं काही माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो.

फोन हर्षितानं दिला, त्यावर लिहायला शिकवलं. गटात घ्यायलाही श्रीहरीला तिनंच सांगितलं. भजन नव्हतंच. रेणुकाच्या बचत गटाच्या बायका रविवारी जीप करतात आणि मी जातो त्या प्रत्येक कार्यक्रमाला जातात. चार वर्षं. मी पहिल्या रांगेत आणि माझी बायको शेवटच्या. मी कलाकारांबरोबर फोटो काढेपर्यंत ती घरी येऊन भाजीला फोडणी घालायची.

"एकदा बी मागं वळून बघितलं न्हाईत तुम्ही," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही, मला गंमत सांगितल्यासारखं.

"पण मला आधी सांगायचं. मी असलं लिवलो नसतो."

"सांगितले होते की. पैल्या दिवाळीत."

मला काहीच आठवेना. तिनं कोण कुठं बसलं होतं तेही सांगितलं. माझ्या दोघी बहिणी झोपाळ्यावर, मेहुणे खुर्चीत, मी खाली सतरंजीवर. कुणीतरी नव्या नवरीला विचारलं, सिनेमा बघतेस का? तिनं भीत भीत इंदुप्रभाच्या दिव्याचं सांगितलं. मी म्हणालो, तिनं उजव्याच हातानं लावला, मी उदगीरला बघितलाय. तू बघितलीच न्हाईस, तंबूबाहेर शेंगा खात बसली असशील. सगळे हसले.

तेच वाक्य. शब्दाला शब्द. परवा मला ते नवीन सुचलं असं वाटलं होतं.

"तवा वाटलं, चेष्टा करायलेत. पुढच्या बाजूला बसून बघितलेलं माणूस उजवा हात कामून म्हणंल, म्हणून सोडून दिले. अक्षरं उलटी दिसायची हे ठाव होतं आम्हाला. पर हात बी उलटे असतील हे मनातच आलं न्हाई. त्या दिवशी तुमच्या लॅपटॉपात डोळ्यानं बघितले."

"मग?"

"मग काय? माझ्यासारखी कुणीच नव्हती म्हणायचं."

मी म्हणालो, गटावर सगळं लिहितो, माफी मागतो. ती म्हणाली, "लिवा. पर माझं नाव घेऊ नका."

"कामून?"

"नका घेऊ म्हणले ना."

मी हो म्हणालो.

रविवार, ७ डिसेंबर

माफीपत्र लिहायला तीन दिवस लागले. दर वेळी तिसऱ्या ओळीत 'तथापि' येत होता. शेवटी तो शब्द काढला आणि पत्र निम्म्यावर आलं. लिहिलं की साक्षीदार घटनास्थळी हजर होता, फक्त कोर्टानं एकाच बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. नाव लिहिलं नाही. गटातल्या नऊ बायकांनी कळवलं की आम्हीही पलीकडंच बसायचो. एकीनं लिहिलं, आमच्या सगळ्यांसाठी इंदुप्रभा डावरीच आहे, तशीच राहू द्या.

श्रीहरीच्या मंडळानं दिव्याचा प्रसंग परत घेतला. शिवकन्या नावाची उदगीरची मुलगी तो करणार आहे, डाव्या हातानं. सवय नाही म्हणून काड्या मोडतात म्हणे.

हा आठवडा मला फार सुखाचा गेला. सुशीला माझ्यासमोर डाव्या हातानं दिवा लावते. चहाच्या वेळी ती मला जुने चित्रपट सांगते. 'हरवली चंची' नावाचा एक सांगितला, मी तो टुकार ठरवून कधी पाहिलाच नव्हता. त्यातला विनोदी नोकर मालकाला जेवण वाढताना कसा रडतो, ते तिनं करून दाखवलं. मी हसलो आणि मग मलाही रडू आलं. या बाईनं चार वर्षं माझ्याऐवजी सोमवारची शिफारस लिहिली असती तर सीमाभागाचं भलं झालं असतं, हे मी इथं कबूल करतो.

तिला म्हणालो, बीदरला माझ्यासंगं पुढं बस. ती म्हणाली, "मी माझ्या जागी बसते. तुम्ही तुमच्या बसा."

सोमवार, १५ डिसेंबर

काल चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. सभागृह भरलेलं होतं. निवेदन चांगलं झालं, असं लोक म्हणाले.

पाचव्या क्रमांकाला दिव्याचा प्रसंग होता. वाद्यं थांबली. सासू झालेली बाई पाटावर बसली. शिवकन्या आली, डाव्या हातानं काडी ओढली, मोडली. दुसरी ओढली. दिवा लागला. सासू काही बोलली नाही. कुणी टाळी वाजवली नाही. मग अगदी मागून एक बाई हसल्यासारखी रडली, आणि सगळ्या मागच्या रांगा टाळ्या वाजवायला लागल्या. पुढच्यांनी नंतर वाजवल्या.

मी रंगमंचाच्या कडेला माइक घेऊन उभा होतो. तिथून मला शेवटची रांग पहिल्यांदा दिसली. सुशीला रेणुकाच्या शेजारी बसली होती. मांडीवर शेंगांची पुडी, पदर खांद्यावरून घसरलेला, डाव्या हातानं डोळे पुसत होती आणि रेणुकाला कोपरानं ढोसत काहीतरी सांगत होती. मी तिला इतकी मोकळी कधी पाहिली नव्हती. लग्नातसुद्धा नाही.

मला राहवलं नाही. ते प्रेमानं झालं, असं मी रात्रभर स्वतःला सांगतोय. माइक तोंडाशी होता. मी म्हणालो, मंडळी, हा प्रसंग सुचवणारी 'शेवटची रांग' कोण, हे आज सांगतो. ती माझी धर्मपत्नी आहे. ती बघा, तिथं बसली आहे.

सगळ्या माना मागं वळल्या. कुणीतरी मागचे दिवे लावले. सुशीलानं डावा हात पदराखाली घेतला. ते मला दिसलं. दिसूनही मी बोलतच राहिलो. जन्मापासून डावरी, आईचा मार, देवाचा दिवा, सगळं सांगून टाकलं. लोक रडत होते आणि मला वाटत होतं, आता हिला न्याय मिळाला.

दोन कार्यकर्ते गेले आणि तिला हाताला धरून पुढं घेऊन आले. शाल आली, नारळ आला. तो तिनं उजव्या हातात घेतला. पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीशेजारी तिला बसवलं आणि उरलेला सगळा कार्यक्रम ती समोर पाहत ताठ बसून राहिली. टाळ्या तिला पडल्या. खरं लिहायचं तर मलाही पडल्या, आणि मला त्या आवडल्या.

परतीच्या गाडीत सिद्धलिंगप्पा बरोबर होते. ते म्हणाले, अशी दिलदारी मी पाहिली नाही. सुशीला खिडकीशी होती. तिनं नारळ मांडीवर धरला होता.

आज सकाळी चहाला विचारलं, "रागावलीस?"

"न्हाई."

"नाव घ्यायचं नव्हतं. पर तू तिथं एवढी हसायलतीस, मला राहवलं न्हाई."

"व्हय. बघितले मी."

"सगळ्यांना किती बरं वाटलं."

"वाटलं असंल," ती म्हणाली. तिनं फोन माझ्याकडं सरकवला. श्रीहरीचा निरोप होता. जानेवारीत कलबुर्गीला कार्यक्रम आहे आणि पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर आमची दोघांची नावं लावून ठेवली आहेत. खाली लिहिलं होतं, वहिनींनी चार शब्द बोलावेत. रेणुकाचाही निरोप होता. जीपमधली सुशीलाची जागा एका दुसऱ्या बाईला दिली, तुम्ही आता साहेबांबरोबर मोटारीतून जाणार ना, म्हणून.

मी दोन्ही वाचून फोन परत दिला.

"कापडाच्या पलीकडं कुणी बघत नव्हतं मला," ती म्हणाली. "मागच्या रांगेत बी न्हाई. कोणच्या हातानं शेंगा खायले, कवा रडले, कुणी बघत नव्हतं. तेवढीच जागा होती माझी." मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "आता मी कुठं बसू?"

माझ्या शेजारी, हे शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते बोललो नाही.  ती आपला कप घेऊन आत गेली. चहा गार झालाय आणि मी अजून इथंच बसून हे लिहितोय.